पारवा की हिरवा: एका जुन्या लेथच्या रंगकामाच्या नोंदी

२५ ऑगस्ट २०२४

लेथ, म्हणजे लोखंड फिरवत ठेवून कापायचं यंत्र, आज घरी आली. हिंगणघाट तालुक्यातल्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, वर्कशॉपमधली, हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करची, सहा फुटी बेडची, म्हणजे खालच्या लांब सपाट आधाराची. जिनिंगचे रोलर, शाफ्ट, बुश अशी सगळी कामं हिच्यावरच निघायची. वजनकाट्यावर १,४२० किलो भरली. भंगारवाला ५४ हजारांवर येऊन थांबला होता, मी ६२ दिले. हायड्रा क्रेन आणि ट्रॉलीचे साडेसात हजार वेगळे.

बेअरिंग, गिअर, बेडची झीज याबद्दल सांगणारे अनुभवी लोक भेटतात. रंगाचं विचारलं की "मारा कोणताही ग्रे" एवढंच ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. १९४१ पासून लेथ बनवणाऱ्या कारखान्याने हिला काहीतरी विचार करून रंग दिला असणार. तो कोणता होता आणि आज माझ्या शेडमध्ये कोणता हवा, एवढ्यापुरत्याच या नोंदी आहेत.

आज वरून दिसतो तो चंदेरी रंग. घाईघाईत मारलेला, चकाच्या, म्हणजे फिरणारं काम धरणाऱ्या पकडीच्या, जबड्यांवरही उडालेला.

२९ ऑगस्ट

चार दिवस नुसता मळ काढला. तेल, बुरादा आणि रुईचे तंतू मिळून बेडखाली बोटभर जाडीचा नमदा बसला होता. नऊ लिटर डिझेल गेलं.

पहिली चूक इथेच झाली. हट्टी मळासाठी कॉस्टिक सोडा गरम पाण्यात कालवून फासला. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, त्याने काही होत नाही, म्हणून निर्धास्त होतो. हेडस्टॉकवरची, म्हणजे चक फिरवणाऱ्या डाव्या पेटीवरची, स्पीडची पट्टी ॲल्युमिनियमची आहे हे ध्यानातच आलं नाही. सोडा लागताच पट्टी फसफसली. पाणी ओतेपर्यंत निम्मे आकडे पुसले होते. उचलायच्या आधी सगळ्या पट्ट्यांचे फोटो काढून ठेवले होते, त्यामुळे निभावलं. नागपुरात नवी पट्टी कोरून घेतली, ६५० रुपये. कॉस्टिक वापरायचं तर ॲल्युमिनियमचं सगळं आधी उतरवा. पट्ट्या, हँडव्हीलचे कडे, कव्हर, सगळं. हातमोजे आणि चष्मा तर हवाच.

१ सप्टेंबर

खरवडायला सुरुवात करण्यापूर्वी गिअर कव्हरच्या आत एक जागा निवडली आणि वॉटर पेपरने, पाणी मारत, रुपयाएवढा गोल घासला. मधे जास्त, कडेला कमी. मग ते सगळे थर वर्तुळं होऊन दिसायला लागले.

सगळ्यात वर चंदेरी. त्याखाली गडद हिरवा, तोही दोनदा मारलेला, मधे मळाची काळी रेघ. मग हिरवट राखाडी. मग पिवळसर पुट्टीचा चांगला दोन मिलिमीटरचा थर. आणि तळाला, बिडाला चिकटून, शेंदरी.

हा शेंदरी म्हणजे गावाबाहेरच्या मारुतीच्या अंगावर असतो तोच. शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड, आणि जुन्या काळी लोखंडावर पहिला हात त्याचाच असायचा. म्हणून पुढचं सगळं घासकाम ओलंच करायचं ठरवलं. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. ही लेथ त्याच्या कितीतरी आधीची. ग्राइंडरला वायर ब्रश लावून कोरडी धूळ उडवणं सोपं आहे, पण ती धूळ अंगणात बसते, आणि अंगणात पोरं आणि कोंबड्या असतात. गाळ वर्तमानपत्रावर गोळा केला, डब्यात भरून झाकण लावलं.

संध्याकाळी काकाजी आले. या लेथवर त्यांनी तीस वर्षं काम केलं आणि राहतात आमच्याच गावात. तो गोल बघून म्हणाले, "काय उकरून राह्यला बापा? हे मशीन हिरवीच होती. मी लागलो तवापासून हिरवी."

मी म्हटलं, "काकाजी, हिरव्याच्या खाली अजून एक रंग आहे."

"असन. पन मी तो पाह्यला नाही."

२ सप्टेंबर

पोळा. काम बंद. हार्डवेअरच्या दुकानात काल बैलांच्या शिंगांसाठी रंगाचे छोटे डबे घ्यायला गर्दी होती. त्यात माझ्या ग्रेची चौकशी कोण करणार.

५ सप्टेंबर

गिअर कव्हरवरून नखाएवढी खपली काढली, राखाडी थर वर येईल अशी घासली आणि दुकानात नेली. आयएस ५ या भारतीय मानकाच्या रंगकार्डावर ६३१ लाइट ग्रे आणि ६३२ डार्क ॲडमिरल्टी ग्रे, दोन्हींशी लावून पाहिली. एकाशीही बसेना. दोन्ही खपलीपुढे निळसर वाटायचे. दुकानदाराने ६३१ मधे थोडा हिरवा, थोडा पिवळा घालत घालत ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळवून दिला. दोन लिटर सिंथेटिक इनॅमल, ६४० रुपये.

घरी पत्र्याच्या तुकड्यावर मारून उन्हात आणला, तर विहिरीच्या कठड्यावरच्या शेवाळासारखा दिसायला लागला. खपली बाजूला धरली. ट्यूबखाली जे दोन रंग एक वाटत होते ते उन्हात सरळ दोन होते. दुकानात जुळला आणि दारात फसला. तेव्हापासून नियम केला आहे की डबा बंद करण्याआधी नमुना घेऊन दुकानाबाहेर, सावलीत आणि उन्हात, दोन्हीकडे बघायचा. ओला नाही, वाळलेला.

६ सप्टेंबर

मनात आलं, खपलीच मळली असेल. तेलात इतकी वर्षं राहिलेला रंग खरा कसा राहील? म्हणून नेमप्लेट काढली. चार बारीक रिवेट, मागून ठोकून निघाले. तिथे तेल नाही, हात नाही, ऊन नाही. वाटलं, इथे अस्सल रंग मिळेल.

तिथला रंग तर अजूनच हिरवट निघाला.

माझं डोकं चालेना. गाड्या रंगवणारा एक जुना पेंटर ओळखीचा आहे, त्याला फोन केला. तो लगेच म्हणाला, "तेलाचा रंग अंधारात पिवळा पडतो. घरात कपाटामागचा पांढरा दरवाजा बघितला नाही का कधी? उन्हात ठेवा, बराचसा परत येईल." निळसर राखाडीवर पिवळी झाक चढली की डोळ्याला हिरवट दिसणारच. म्हणजे नेमप्लेटखाली मी जो पाहिला तो कारखान्याचा रंग होता आणि त्यावर अंधाराचा पिवळा.

लेथच्या पायाकडून एक मोठी खपली पुट्टीसकट सोडवली. अर्ध्यावर काळी टेप लावली, अर्धी उघडी, आणि शेडच्या टिनावर ठेवून दिली.

२० सप्टेंबर

दोन आठवडे झाले. त्यातले पाच दिवस पावसाचे गेले, बाकी ऊन बरं पडलं.

टेप सोडवली. झाकलेला अर्धा भाग तसाच, मळकट हिरवट. उघडा अर्धा पारवा. आपल्याकडे पारवा म्हणतात अगदी तोच, पारव्याच्या पाठीवर असतो तसा राखाडी, आत निळ्याचा अंश. मधली रेघ सुरीने ओढल्यासारखी स्वच्छ होती. एवढी वर्षं या मशीनचा खरा रंग कुणी पाहिला नव्हता, काकाजींनीही नाही, आणि तो माझ्या तळहातावर होता. मी ती खपली घरात सगळ्यांना दाखवत फिरलो.

५ तारखेचे दोन लिटर वाया गेले. ते वाडीच्या फाटकाला लावले.

२९ सप्टेंबर

खरवडणं संपलं. चार लिटर पेंट रिमूव्हर, १,४८० रुपये. उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून काम केलं. बंद शेडमध्ये याच्या वाफेने डोकं गरगरतं.

इथे दुसरी मोठी चूक झाली. मी उत्साहात पुट्टीही काढून टाकली. तळापर्यंत, बिडापर्यंत. मग दिसलं की ओतकाम खडबडीत आहे. जागोजागी वाळूचे खड्डे, सांध्याची उंच शीर. कारखान्याने बिडाचा खडबडीतपणा पुट्टीनेच झाकला होता. जिथे घट्ट बसलेली होती तिथे तिला हात लावायची काही गरज नव्हती. आता दोन किलो पॉलिएस्टर पुट्टी, ९०० रुपये, आणि घासण्याचे सहा दिवस. हाताने ठोकून बघा, बद्द आवाज आला तरच पुट्टी काढा. टणक वाजली तर राहू द्या.

हेडस्टॉकच्या मागची बाजू भिंतीकडे राहणार, म्हणून तिथला जुना हिरवा तसाच ठेवला आणि फक्त खरडून घेतला. त्याचं पुढे काय झालं ते खाली येईलच.

५ ऑक्टोबर

दसऱ्याला मशीन उभी करून पूजा करायची, ही माझी घाई. लवकर वाळतो म्हणून एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग घेतला आणि ३ तारखेला संध्याकाळी फवारला. दुपारी सर पडून गेली होती. दहा मिनिटांत रंगावर पांढरट धुकं धरलं. एनसीचं थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग थंड पडतो आणि हवा दमट असली की तिच्यातलं पाणी रंगावरच बसतं. पारवा रंग राखेसारखा झाला.

हेडस्टॉकच्या मागे याहून वाईट. तिथल्या जुन्या हिरव्या इनॅमलला एनसी थिनर लागताच तो फुगला आणि दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. इनॅमलवर एनसी चालत नाही हे पेंटरला विचारलं असतं तर त्याने एका वाक्यात सांगितलं असतं. मी विचारलं नाही. रंग आणि थिनर मिळून १,३५० गेले आणि पुढे आठवडा तो काढण्यात गेला.

१२ ऑक्टोबर

दसरा. लेथ अजून पुट्टीच्या ठिगळांत. तरी पाटावर नाही, पण जागेवरच हळदकुंकू वाहिलं, चकावर झेंडूचं फूल ठेवलं, आपट्याची पानं बेडवर. काकाजींनी नारळ फोडला. बेडला नारळाचं पाणी लागू दिलं नाही त्यांनी, लगेच तेलाचं फडकं फिरवलं.

२७ ऑक्टोबर

घाई सोडली. एपॉक्सी प्रायमरचे दोन हात ब्रशने झाले. आता रंगाचा निकाल लावायचा होता.

मनात दोन विचार होते. एक, कारखान्याचा पारवा. दुसरा, जिनिंगचा हिरवा, कारण हिचं बहुतेक आयुष्य हिरव्यात गेलं आणि काकाजींचंही. पत्र्याचे फूटभर लांबीरुंदीचे चार तुकडे रंगवले: पारवा, जिनिंगचा हिरवा, ६३१ आणि क्रीम. रंगकार्डावरच्या नखाएवढ्या चौकटीवर रंग ठरवू नका. लहान तुकड्यात जो रंग सौम्य वाटतो तो मोठ्या अंगावर दुप्पट गडद किंवा दुप्पट भडक वाटतो. हे चारही तुकडे लेथवरच, चकाच्या मागे आणि ॲप्रनजवळ, म्हणजे टूल सरकवणाऱ्या भागाच्या पुढे, टेकवले. सकाळी, दुपारी आणि रात्री एलईडी लावून पाहिले.

काकाजींना बोलावलं. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीच्या आधीच झालं, डावा बाकी आहे. ते पारव्या पत्र्यासमोर उभे राहिले, एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा. परत पहिला.

"या डोयानं निया दिसते," ते म्हणाले. डोळा बदलला. "अन् यानं मयकट. तुह्या त्या खपलीवानी."

मोतीबिंदू पिवळसर काचेसारखा असतो, निळा अडवतो. टेप लावलेला आणि टेप काढलेला असे दोन्ही रंग त्यांना एकाच वेळी दिसत होते. ते बराच वेळ डोळे बदलत राहिले. मग मी विचारलं, हिरवाच मारू का?

"हिरवा काहून? मालकानं एकदा बॅरलच आनला होता हिरव्याचा. गेटाले तोच, खिडक्यायले तोच, पंपाले तोच, अन् उरला तो मशीनले. त्याच्यात काय हाय?" मग क्रीम पत्रा उचलून त्यांनी चकाच्या मागे धरला. "पन इथं हा पाह्यजे. हिरव्यावर संध्याकाळी आटे दिसत नोते. मी मागं पुठ्ठा लावत होतो, पांढरा."

तीस वर्षं पुठ्ठा लावून आटे पाडले त्यांनी. त्या क्षणी निकाल लागला. अंग पारवं, आणि चकाच्या मागची बाजू, जिथे नजर कामावर असते, क्रीम.

मी लगेच एक शाफ्ट चकात धरून दोन्ही पत्रे आळीपाळीने मागे ठेवून बघितलं. पारव्यापुढे लोखंडाची कड रंगात मिसळून जाते. क्रीमपुढे कड काळ्या रेघेसारखी उठून दिसते, टूलचं टोकही. दिवा तोच, फक्त मागचा रंग बदलला.

१० नोव्हेंबर

नागपूरला जाऊन खपलीचा उन्हातला अर्धा भाग रंग मोजणाऱ्या मशीनवर वाचून घेतला. त्या यंत्राला सपाट, चकचकीत जागा लागते, म्हणून आधी पॉलिशच्या कंपाउंडने खपली उजळवली. तीन लिटर पीयू (पॉलियुरेथेन) रंग, हार्डनर आणि थिनर धरून ३,४५०. प्रमाण चार भाग रंगाला एक भाग हार्डनर. दुसरं दुकान दुसरं प्रमाण सांगेल, डब्यावरचंच मानायचं. यावेळी नमुना दुकानाच्या पायरीवर उन्हात बघूनच पैसे दिले.

पीयू का? सिंथेटिक इनॅमल स्वस्त आहे आणि ब्रशने छान बसतं. पण कूलंट (कापताना थंड ठेवणारं द्रावण) आणि डिझेलचं फडकं रोज लागलं की ते मऊ पडतं. शोभेची लेथ असती तर इनॅमलच मारलं असतं. हिच्यावर काम करायचं आहे.

१७ नोव्हेंबर

फवारणी. पीयूच्या हार्डनरची वाफ छातीला घातक असते, कापडी मास्क तिथे काहीच कामाचा नाही. म्हणून त्याच पेंटरला बोलावलं, त्याच्याकडे कार्ट्रिजचा मास्क आणि सवय दोन्ही आहे. मजुरी पाच हजार. मी लांब उभा.

वेळ साधणं हाच सगळ्यात कठीण भाग झाला. पहाटे बिडावर दव असतं, हात लावला तर ओलं लागतं. आणि अकराच्या पुढे रस्त्याने कापसाच्या गाड्या सुरू होतात, मग हवेत रुई. मधला वेळ नऊ ते साडेदहा. अंगणात पाणी शिंपून धूळ बसवली, शेडला ओले पडदे लावले. दोन हात बसले. तरी टेलस्टॉकवर, म्हणजे उजव्या टोकाच्या आधारावर, तीन तंतू पडलेच. ओल्या रंगातून ते उचलायचा मोह आवरला. आठ दिवसांनी १५०० च्या पेपरने घासून कंपाउंड मारलं, आता शोधूनही सापडत नाहीत.

एक चूक माझ्याच हातची. प्रायमरच्या वेळी ॲप्रनवरचं एक तेलाचं छिद्र टेपने झाकायचं राहिलं, प्रायमर आत उतरला. बारीक ड्रिल हाताने फिरवून मोकळं केलं. रंगापूर्वी प्रत्येक तेलाच्या छिद्रात काडी खोचा आणि काड्या मोजून ठेवा. माझ्या लेथला चौदा निघाल्या.

२४ नोव्हेंबर

बारीकसारीक रंग. गिअर कव्हरची आतली बाजू नारिंगी. कव्हर उघडं राहिलं तर शेडच्या दारातूनही कळतं, आणि गिअरमध्ये बोटं जाण्यापूर्वी नजर जाते. धोक्याच्या भागांना नारिंगी देण्याची रीत कारखान्यांत जुनी आहे. लाल फक्त बंद करण्याच्या बटणाला, दुसरीकडे कुठेही नाही. तेलाच्या छिद्रांभोवती पिवळं वर्तुळ. चिप ट्रेला साधा काळा, कारण तिथे बुरादा ओढताना रंग खरवडला जाणारच, काळ्याची डागडुजी कुणालाही जमते.

हँडव्हीलचे कडे, बेड, टेलस्टॉकची नळी यांना रंग नाही. फक्त तेल.

८ डिसेंबर

जोडणी झाली. नेमप्लेट जागेवर, नवे चार रिवेट.

फक्त रंगाचा हिशेब १७,८२० रुपये. त्यात चुकांचे, म्हणजे पट्टी, शेवाळी इनॅमल, एनसी आणि नाहक काढलेल्या पुट्टीचे मिळून ३,५४०. दसऱ्याला ठरवलेलं काम दोन महिने पुढे गेलं.

गिअर कव्हरच्या आतला तो घासलेला गोल मी रंगवला नाही. त्यावर क्लिअर लॅकर मारलं आणि भोवती नारिंगी थांबवला. चंदेरी, हिरवा, काळी रेघ, हिरवा, राखाडी, पुट्टी, शेंदरी, सगळं तिथे आहे. पुढे कुणी ही लेथ घेईल त्याला खरवडावं लागणार नाही.

पहिलं काम शेजाऱ्यांच्या ट्रॉलीच्या पिनचं निघालं. काकाजींनी स्वतःच टूल लावलं. आटे पाडायच्या वेळी संध्याकाळ झाली होती, मी दिवा जवळ ओढायला उठलो. "राहू दे," ते म्हणाले, डावा डोळा मिटून उजव्याने चकाच्या मागच्या क्रीमकडे बघत त्यांनी पहिला कट घेतला.